ज्याला वैरी नाही त्याचं पेव

उंबऱ्यावर बसू नये हे आपल्याकडं शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. पण साहेब बसायचे ते उंबऱ्यावरच. आत सतरंजी अंथरा, पाट मांडा, पाय धुवायला पाणी द्या. हा माणूस दारातच बूड टेकणार आणि तिथंच चहाची कपबशी मागणार.

"आवो आत या की सायेब! दिवेलागणीला लक्ष्मीची वाट आडवून बसलाव," काकू कळवळून म्हणायच्या.

"काकू, हा दगड घराच्या पायापर्यंत गेलेला आहे," साहेब म्हणायचे. "तुमची सतरंजी कशावर अंथरलीय, ते मला कुठं मालूम आहे?"

काकू म्हणजे तात्यांची बायको. तात्यांच्या घरात मी भाड्यानं राहत होते. येडशी स्टेशनापासून बैलगाडीनं निघालं की दुपार कलेपर्यंत पोचावं, एवढं ते गाव लांब. हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मी नुकतीच मास्तरीण झाले होते. मुलींचा वर्ग माझ्याकडं. गावात मला सगळे 'बाई' म्हणायचे आणि माझ्या तोंडाला घाबरायचे. मी फटकळ होते. अजूनही आहे, वयानं काही फरक पडलेला नाही.

साहेब हैदराबादेत वाढलेले मराठी माणूस. जुन्या सरकारच्या भूगर्भ खात्यात होते, राज्य बदललं तसे नव्या सरकारकडं आले. खातं त्यांचं, पण स्वभाव असा की जमिनीवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. चालताना टाच आपटून बघायचे. आवाज आवडला नाही तर वाट सोडून कडेनं जायचे. चहाचा पेला हातात घेतला की पिण्याआधी चहा हलतोय का ते बघायचे. खोलीत कोपऱ्यात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचे आणि सकाळी उठून पाणी कोणत्या बाजूला सांडलं ते तपासायचे. लग्नाची वरात निघाली तर बँडच्या पुढं हे. सगळी माणसं एका जागी नाचू नयेत म्हणून हातवारे करत उलटे चालायचे. गावातल्या पोरांना फुकटचा तमाशा!

"वरून सगळीच जमीन सज्जन दिसते, बाई," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं.

"माणसांसारखीच," मी म्हणायची.

"नाही. माणूस चेहऱ्यावरून थोडा तरी कळतो."

ते आले होते ते रस्त्यासाठी. येडशीहून एसटी यावी म्हणून नवा रस्ता आखला होता आणि तो आमच्या गावठाणातून जायचा होता. शेजारच्या गावात त्याच रस्त्याचं काम चालू असताना दगडांनी भरलेली गाडी बैलांसकट जमिनीत गेली. खाली जुनं पेव निघालं. पेव म्हणजे धान्याचं भुयार म्हणा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. आतून कडब्याचं अस्तर लावायचं, जवारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं दाणा टिकतो. भरलेलं पेव भुईसारखंच घट्ट असतं. रिकामं झालं आणि विसरलं गेलं की मात्र वरच्या मातीला खालून आधार राहत नाही. मग ती एक दिवस बसते.

आता गावात पेवं किती आणि कुठं कुठं, हे विचारायला साहेब आले. विचारणार कुणाला? पेवाची जागा बाप मरताना लेकाला सांगतो, बायकोलासुद्धा सांगत नाही. त्यात निजामाच्या वेळची लेव्ही लोकांनी भोगलेली. दारात शिपाई उभा करून दाणा उचलून नेलेला. पुढं पोलीस अॅक्शनच्या गडबडीच्या सालात लुटालूट झाली, तेव्हा ज्यांचं पेव कुणाला ठाऊक नव्हतं त्यांचीच चूल पेटली. अशा गावात सरकारी टोपीवाला येऊन विचारतो, 'पेव कुठं आहे हो?' तर कोण सांगेल?

"पेव? पेव म्हंजी काय असतंय सायेब?" तात्यांनी भाबड्या तोंडानं विचारलं होतं. मी तिथंच होते. मला हसू आवरेना.

मग साहेबांनी आपली यंत्रं काढली. लोखंडी खुंट्या रांगेनं जमिनीत ठोकायच्या, त्यांना तारा जोडायच्या, एका पेटीतून वीज सोडायची आणि दुसऱ्या पेटीवरचा काटा बघायचा. ओली माती वीज पुढं जाऊ देते, पोकळी अडवते. एवढंच त्याचं तत्त्व, पण बघायला अख्खं गाव जमायचं. खुंट्यांच्या बुडाशी ते मिठाचं पाणी ओतायचे, वीज नीट शिरावी म्हणून. बायकांनी ठरवून टाकलं की साहेब जमिनीची दृष्ट काढतोय.

दुसरं म्हणजे विमानातून काढलेले गावाचे फोटो. दोन भिंगांच्या घोडीखाली ते फोटो जोडीनं ठेवले आणि वरून डोळे लावले की घरं, झाडं, बांध सगळं उभं राहायचं. मी पाहिलं तेव्हा आपण आभाळातून पडतोय असं वाटलं. साहेब त्यात गवताचे गोल डाग शोधायचे. भोवतालचं गवत हिरवं आणि मधेच वाळलेला गोल दिसला, की तिथं खाली काहीतरी आहे. गावात मात्र वेगळीच चर्चा. न्हाणीघराला छप्पर नसलेल्या बायका हवालदिल झाल्या आणि तात्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, त्येच्यात जवारी दिसती व्हय?"

पहिल्याच महिन्यात साहेबांचं हसं झालं. हनुमान जयंतीची पंगत बसली होती, पानं वाढून झाली होती. साहेब टाच आपटत आले आणि ओरडले, "उठा! सगळे उठा इथून!" माणसं पान सोडून उठली. लगेच खणलं. खाली निघाला कुणीतरी कधीकाळी पुरलेला फुटका रांजण. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव पोकळसाहेब ठेवलं. ते समोरून आले की टारगट पोरं टाचा आपटायची. साहेब रागवायचे नाहीत. "रांजण तर रांजण. रिकामाच होता ना?" म्हणायचे. पण त्या दिवशी पंगत पुन्हा बसली तरी ते देवळाच्या दगडी पायरीवरून उतरले नाहीत, ते मी पाहिलं होतं. लोकांना ती भीती गमतीची वाटायची. मला पुढं पुढं वाटेनाशी झाली.

गंमत म्हणजे पेवांचा पत्ता लागायला लागला तो यंत्रानं नाही, गावाच्याच गुणानं. हळूहळू एकेक जण अंधुक वेळ साधून साहेबांकडं यायला लागला. स्वतःचं नाही सांगायचा. भाऊबंदाचं सांगायचा! "माझं नाव घेऊ नका सायेब, पण त्येच्या गोठ्यात बघा." दुसऱ्या दिवशी तो भाऊबंद येऊन पहिल्याचं सांगायचा. लेव्ही येणारच असेल तर निदान वैऱ्याच्या घरी तरी आधी यावी, असा हिशोब. साहेब त्या जागी खुंट्या ठोकायचे आणि काटा बरोबर अडायचा. तात्यांना वैरी भरपूर. त्यांच्या गोठ्यातलं पेव तर चौघांनी येऊन सांगितलं.

मी म्हटलं, "झालं की मग साहेब. सगळं गाव उघडं पडलं."

साहेब उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बाई, या गावात असा कोण आहे ज्याला दुश्मनच नाही? त्याचं पेव सांगायला कोण येणार?"

मी विचार न करता म्हटलं, "करीममामू. पण ते वारले."

करीममामूंना मी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचं नाव रोज ऐकायची. कापसाचे व्यापारी. गडबडीच्या सालात साऱ्या गावानं त्यांना सांभाळलं, आणि त्याआधीच्या दुष्काळात त्यांनी साऱ्या गावाला. माणूस गेला तरी त्यांच्याबद्दल वाकडा शब्द कुणी काढायचं नाही. मुलं हैदराबादला निघून गेली होती. वारण्याआधी मामूंनी आपली पांढरीतली, म्हणजे गावठाणातली, जागा गावाला देऊन टाकली होती.

"जागा कशासाठी दिली?" साहेबांनी विचारलं.

"शाळेसाठी," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला उमगलं. शाळेची पुढची खोली माझी होती. माझ्या मुली तिथं मांडीला मांडी लावून बसायच्या.

दुसऱ्या दिवशी शाळेभोवती खुंट्या ठोकल्या. काटा माझ्या वर्गाच्या खाली अडला. पण भिंतीच्या पायातले दगड मधे येत होते, त्यामुळं साहेबांना छातीठोक सांगता येईना. फरशी उकरून बघू, म्हणाले. हेडमास्तर चवताळले, "तपासणी तोंडावर आलीय आणि शाळा उकरता? उद्या पुन्हा रांजण निघाला तर?" गावही बिथरलं. "मामूच्या जाग्यात कुदळ मारायची न्हाय. देवमाणूस व्हता तो. त्येचं कसलं आलंय पेव?" वरून परवानगी मागवली, ती काही येईना.

मी मुलींना बाहेर काढलं. कुणाला विचारलं नाही. शाळेच्या मागं तात्यांचं खळं होतं आणि त्यात मोठं लिंबाचं झाड. तात्या म्हणाले, "बसवा की. माझी शेवंता हायच तुमच्या वर्गात." साहेबांना तिथंही खुंट्या ठोकायच्या होत्या, पण तात्यांनी हात जोडले. खळ्यात मळणीची रास पडते, तिथं लोखंड ठोकत नसतात. साहेबांनी मग टाच आपटत सगळं खळं पालथं घातलं. "घट्ट वाटतं," म्हणाले, आणि तरी दोनदा मागं वळून पाहिलं. पाऊस आला की आम्ही मारुतीच्या देवळात पळायचो, उघडीप झाली की पुन्हा लिंबाखाली.

महालक्ष्म्यांची सुट्टी झाली. मी माहेरी जाऊन आले आणि बघते तर हेडमास्तरांचा लेखी हुकूम. सोमवारपासून मुली वर्गात बसल्या पाहिजेत, नाहीतर माझी बदली. बदलीचं मला काही नव्हतं. पण माझ्या जागी जी कुणी आली असती तिनं निमूटपणे मुली आत बसवल्या असत्या.

सोमवारी सकाळी वर्गाचं दार उघडलं. मधोमध साहेबांची खाट होती. खाटेवर साहेब मांडी घालून बसले होते, शेजारी त्यांच्या पेट्या, तारा. चेहरा राखेसारखा.

"सरकारी कॅम्प आहे," ते म्हणाले. "मुलींना आत आणता येणार नाही."

मी दारातच थबकले. ज्या माणसानं आमच्या घरी कधी सतरंजीवर पाय ठेवला नाही, तो तिथं बसला होता. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी भांडते.

"डोकं फिरलंय का तुमचं? नुसती खाट ठेवून बाहेर या की!"

"रिकामी खाट हेडमास्तर उचलून बाहेर ठेवतील. माणसाला उचलता येत नाही, बाई."

त्यानंतर ते तिथंच राहिले. जेवण तिथं, काम तिथं. परवानगीसाठी वर तारा करत होते, त्या शिपायाच्या हाती तिथूनच धाडायचे. बाहेर येऊन अंघोळ करायची तीही दाराला कुलूप लावून आणि किल्ली जानव्याला बांधून. हेडमास्तरांनी चडफडत अर्ज केले. पोरं खिडकीतून टाचा आपटून दाखवायची. मी लिंबाखाली शिकवायची, पण कान शाळेकडं. पाढे म्हणायला लावले की मागून हाक मारायची, "साहेब, आहात का?" आतून आवाज यायचा, "आहे." एकदा उत्तर आलं नाही. मी धावत गेले, तर झोप लागली होती बिचाऱ्यांना. झोपेतही दोन्ही हातांनी खाटेच्या कडा घट्ट धरलेल्या.

"भीती वाटत नाही?" मी विचारलं होतं.

"वाटते तर. जीव मुठीत घेऊन बसलोय."

परतीचा पाऊस लागला. दोन दिवस झोडपून काढलं आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खळं वाळलं तसं मी मुलींना घेऊन बसले. मुली कविता म्हणत होत्या. दगडांची गाडी उलटावी तसा आवाज झाला आणि शाळेच्या खिडकीतून धूळ बाहेर आली.

"जागच्या हलू नका!" मी मुलींना बजावलं. "मी येईपर्यंत एकीनंही उठायचं नाही!" आणि पळाले.

वर्गात मधोमध काळं तोंड उघडलं होतं. खाट नाही, पेट्या नाहीत, साहेब नाहीत. मी हाका मारल्या. खालून काही नाही. मी कडेला जायला निघाले तर मागून तात्यांनी दंडाला धरून ओढलं. "मागं सरा बाई! आतली हवा वाईट असती."

आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरायची नाही. ज्या गावाला पेव म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्या गावानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पेवाचं सगळं सामान आणलं. दोर आले. आडवी टाकायला वासे आले. कुणी कंदील दोराला बांधून खाली सोडला, तो विझला. "घोंगडं आणा!" तात्या ओरडले. घोंगडी दोराला बांधून खालीवर, खालीवर झुलवायला लागले, घाण हवा निघावी म्हणून. पुन्हा कंदील. पुन्हा विझला. पुन्हा घोंगडं. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं, प्रत्येकाचे हात आपोआप चालत होते.

"काल तर ठाऊक नव्हतं ना तुम्हाला, पेव कशाशी खातात ते!" मी रडत ओरडले. तात्यांनी पुन्हा कंदील बांधायला घेतला.

शेवटी कंदील जळत राहिला. दोघं उतरले. साहेब वर आले ते मातीनं माखलेले, डोळे मिटलेले, एक पाय भलतीकडंच वळलेला. तोंडावर पाणी मारलं तेव्हा खोकले. जिवंत होते! मी तिथंच भुईवर बसून ढसाढसा रडले.

बैलगाडीत कडबा टाकून त्यांना निजवलं. येडशीहून रेल्वेनं बार्शीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडी खळ्याच्या बांधाजवळ आली तेव्हा एक म्हातारा पुढं झाला आणि गाडीच्या चाकाला हात लावून म्हणाला, "सायेब, माजं चुलीमागं हाय. रिकामंच हाय." त्याच्या भाऊबंदासमोर म्हणाला. मग तो भाऊबंद पुढं आला. "माझी दोन हायती. एक वाड्यात, एक तुमच्या रस्त्याच्या आखणीत." मग तिसरा. खालमानेनं एकेक जण यायचा, स्वतःचं सांगायचा आणि बाजूला व्हायचा. साहेब दात आवळून ऐकत होते. दर जागेला मान हलवत होते.

शेवटी तात्या उरले. त्यांच्या गोठ्यातलं तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते आले. साहेबांकडं न बघता माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "बाई, पोरी कुठं हायती?"

"लिंबाखाली. हलू नका म्हणून बजावलंय."

तात्यांनी खळ्याकडं बोट केलं.

"माझं दुसरं तिथंच हाय. लिंबाच्या अंगाला. भरल्यालं व्हतं तवर मला काय वाटलं न्हाय. महालक्ष्म्याच्या सुट्टीत जवारी काढली. म्हनलं, मळणीचे बैल फिरत्यात त्याच्यावरून, पोरींचं वजन ते काय... आज ती वर्गाची फरशी बघितली..."

मी पळायला निघाले, तेवढ्यात साहेबांनी माझं मनगट धरलं. मोडलेल्या पायाचा माणूस, पण पकड लोखंडाची.

"पळायचं नाही. ओरडायचं नाही. सगळ्या एकदम उठल्या तर बसेल. कडेच्या आधी. एकेक."

मी चालत गेले. बांधावर उभी राहिले. मुली जशा सोडून गेले होते तशाच बसल्या होत्या, एवढा कालवा झाला तरी एकही उठली नव्हती. माझी शिस्त मला कधी एवढी शापासारखी वाटली नव्हती. मी हसरं तोंड केलं आणि म्हटलं, "चला, आज हजेरी वेगळी घ्यायची. जिचं नाव घेईन तिनं हळू चालत इथं येऊन 'हजर' म्हणायचं. पळेल तिला छडी."

कडेच्या ओळीपासून नावं घेतली. एकेक उठत होती, परकर झटकत होती, येत होती. प्रत्येक पावलाला माझे डोळे तिच्या पायाखाली. माझ्या मागं तात्या उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवंता खोडाला टेकून बसलेली, अगदी मधे. तिचं नाव मी सगळ्यांत शेवटी घेतलं. ती उठली, चार पावलं आली, आणि पाटी राहिली म्हणून परत गेली. तात्यांच्या तोंडून आवाज फुटणार होता, मी मागं हात नेऊन त्यांचं तोंड दाबलं. माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसाचं! पोरीनं पाटी उचलली, परकरानं पुसली, पुन्हा पुसली, आणि आली.

"हजर, बाई," ती म्हणाली.

तात्यांनी तिला छातीशी धरलं. मी मागं वळले. गाडी तिथंच उभी होती. गाडीवान म्हणाला, साहेब हलूच देत नव्हते, आधी पोरी बाहेर येऊ दे म्हणत होते. ते कोपरावर उठून खळ्याकडं बघत होते, वेदनेनं तोंड वेडंवाकडं झालेलं. मी हात वर केला आणि ओरडले, "सगळ्या आल्या, साहेब!"

मग ते कडब्यावर आडवे झाले आणि गाडीवानानं बैल हाकले.